विळ्याच्या आकाराची पेशी आणि मिठागरातील सूक्ष्मजीव

तुमच्या वर्गात असा एखादा सोबती आहे का, की जो खेळाच्या तासाला नेहमी कडेला बसून राहतो? चार पावले धावला की त्याला धाप लागते. डोळे थोडे पिवळसर दिसतात. महिन्यातून आठ-दहा दिवस तो शाळेत येत नाही आणि विचारले तर म्हणतो, "हातपाय दुखत होते." मुले त्याला आळशी म्हणतात आणि गुरुजींनाही कधी कधी वाटते की हा ढोंग करतो. विदर्भात किंवा नंदुरबारकडे राहणाऱ्या मुलांना असा सोबती आठवेलही. तो आळशी नसेल. कदाचित त्याच्या रक्तातील तांबड्या पेशींचा आकारच बिघडलेला असेल. या आजाराला सिकलसेल म्हणतात. 'सिकल' म्हणजे विळा आणि 'सेल' म्हणजे पेशी.

या आजाराची कथा मोठी नवलाची आहे. तिचा एक धागा शिकागोच्या इस्पितळात सुरू होतो आणि दुसरा स्पेनच्या समुद्रकाठच्या मिठागरात. शंभर वर्षांहून अधिक काळ हे दोन धागे एकमेकांपासून दूर होते. ते जुळले आणि २०२३ साली या आजारावर एक अगदी नव्या तऱ्हेचा उपचार जगाला मिळाला. पण कथा तेथे संपत नाही. का संपत नाही, ते शेवटी पाहू.

सूक्ष्मदर्शकाखालचा विळा

१९०४ साली वेस्ट इंडीज बेटांपैकी ग्रेनाडा येथून एक तरुण दंतवैद्यक शिकण्यासाठी शिकागोला गेला. तेथे तो आजारी पडला. खोकला, ताप, अशक्तपणा अशी त्याची लक्षणे होती. इस्पितळातील अर्नेस्ट आयर्न्स या तरुण डॉक्टराने त्याच्या रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. आपल्या तांबड्या पेशी गोल असतात. मध्ये किंचित दबलेल्या, एखाद्या अनारशासारख्या. या रुग्णाच्या रक्तात मात्र काही पेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या आणि वाकलेल्या होत्या, हुबेहूब विळ्यासारख्या! त्याचे वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० साली ही हकीकत छापून प्रसिद्ध केली. पेशी अशा का होतात, हे मात्र कोणालाच सांगता येईना.

हे कोडे उलगडायला पुढे आले ते डॉक्टर नव्हेत, तर एक रसायनशास्त्रज्ञ! कॅलिफोर्नियातील लायनस पॉलिंग यांच्या मनात आले की दोष पेशीच्या कवचात नसून आतल्या हिमोग्लोबिनमध्ये असावा. हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताला तांबडा रंग देणारे आणि फुप्फुसातला प्राणवायू सगळ्या शरीराला पोचवणारे प्रथिन. पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाचे आणि रुग्णाचे हिमोग्लोबिन घेऊन त्यांतून विजेचा प्रवाह सोडला. दोन्ही हिमोग्लोबिन वेगवेगळ्या वेगाने सरकली. म्हणजे त्यांच्यावरचा विद्युतभार वेगळा होता. १९४९ साली त्यांनी जाहीर केले की हा 'रेणूचा आजार' आहे. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूच्या रचनेत सापडण्याची ही पहिलीच वेळ होती.

मग रेणूत नेमके काय बिघडले आहे? याचे उत्तर केंब्रिज विद्यापीठात व्हर्नन इनग्राम यांनी १९५६-५७ साली शोधले. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात. दोन अल्फा आणि दोन बीटा. अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवून प्रत्येक साखळी तयार होते. बीटा साखळीत असे १४६ मणी असतात. इनग्राम यांनी हिमोग्लोबिनचे लहान लहान तुकडे केले आणि ते कागदावर पसरून त्यांच्या ठिपक्यांची नक्षी मिळवली. निरोगी आणि रोगी नक्षी शेजारी शेजारी ठेवल्या, तर फक्त एक ठिपका जागा सोडून बसलेला! बीटा साखळीतला सहावा मणी बदलला होता. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आले होते. १४६ मण्यांपैकी फक्त एक!

मिठाचे पीठ

तुम्ही विचाराल, एका मण्याने एवढे काय बिघडते? समजा, आईने भाजीची कृती लिहून ठेवली आहे: "चवीपुरते मीठ घालावे." नकलून घेताना तुमच्या हातून 'मीठ' ऐवजी 'पीठ' लिहिले गेले. चूक एका अक्षराचीच, पण भाजीची कढी होऊन बसेल! आपल्या शरीरातील प्रथिनांची कृती जनुकांत लिहिलेली असते आणि त्या लिपीत फक्त चार अक्षरे आहेत: ए, टी, जी आणि सी. आपल्याला मिळालेल्या एका संपूर्ण संचात अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे असतात. सिकलसेलच्या रुग्णात त्यांपैकी एका ठिकाणी 'ए' च्या जागी 'टी' आलेला असतो. बस, एवढेच.

व्हॅलीनला पाण्याचा तिटकारा आहे. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे व्हॅलीन पाण्यापासून लपायला जागा शोधते. शेजारच्या हिमोग्लोबिनच्या रेणूवर त्याला नेमकी बसेल अशी खाच असते. तेथे ते जाऊन बसते. दुसऱ्याला तिसरा चिकटतो, तिसऱ्याला चौथा. पाहता पाहता लांबलचक ताठ धागे तयार होतात आणि पेशीला आतून ताणून तिचा विळा करतात. फुप्फुसात प्राणवायू मिळाला की धागे सुटतात आणि पेशी पुन्हा गोल होते. असे वारंवार घडले की पेशीचे आवरण खराब होते आणि मग ती कायमचीच विळा बनते.

गोल पेशी मऊ आणि लवचीक असते. केसाहून बारीक रक्तवाहिनीतून ती अंग चोरून निघून जाते. विळा मात्र कडक असतो. तो अडकतो, त्याच्यामागे दुसरा अडकतो आणि वाट बंद होते. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि असह्य वेदना सुरू होतात. "हातपाय दुखत होते" या साध्या वाक्याचा हा अर्थ आहे! शिवाय निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर विळ्याच्या आकाराची पेशी जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून रक्त कमी पडते आणि धाप लागते. मेलेल्या पेशींतून निघालेल्या रंगद्रव्यामुळे डोळे पिवळसर दिसतात.

दोन नाण्यांचा खेळ

हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा एका बाकावर बसल्याने होत नाही. तो आईवडिलांकडून येतो. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. एक आईची आणि एक वडिलांची. एकच प्रत सदोष असेल तर माणूस 'वाहक' होतो. त्याला सहसा काही त्रास होत नाही आणि पुष्कळदा आपण वाहक आहोत हे त्याला ठाऊकही नसते. दोन्ही प्रती सदोष असतील तरच आजार होतो.

आता एक प्रयोग करून पाहा. दोन नाणी घ्या. एक आई, दुसरे वडील. दोघेही वाहक आहेत असे समजा. छापा म्हणजे चांगले जनुक, काटा म्हणजे सदोष जनुक. दोन्ही नाणी एकदम उडवा आणि काय पडले ते वहीत लिहा. असे शंभर वेळा करा. सुमारे २५ वेळा दोन्ही काटे पडतील. ही रुग्ण मुले. सुमारे ५० वेळा एक छापा, एक काटा पडेल. हे वाहक. उरलेल्या सुमारे २५ वेळा दोन्ही छापे. ही पूर्ण निरोगी मुले. पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकदा दोन काटे पडले म्हणून पुढच्या वेळी ते पडणार नाहीत असे मुळीच नाही! नाण्यांना मागचे काही आठवत नसते. "पहिल्या मुलाला आजार झाला, आता पुढच्या तिघांना भीती नाही," असे काही लोक समजतात. ते चुकीचे आहे.

येथे आणखी एक प्रश्न उभा राहतो. इतके घातक जनुक पिढ्यानुपिढ्या टिकले कसे? पूर्व आफ्रिकेत वाढलेले डॉक्टर अँथनी अ‍ॅलिसन यांनी पाहिले की ज्या भागात मलेरिया फार, त्याच भागात हे जनुकही फार आढळते. १९५४ साली त्यांनी दाखवून दिले की वाहकांना मलेरियाच्या घातक प्रकारापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे मलेरियाच्या प्रदेशात एक सदोष प्रत ही ढाल ठरली आणि दोन प्रती हा शाप. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत, जंगलाच्या आसऱ्याने राहणाऱ्या आदिवासी समाजांत आणि विदर्भातील इतरही काही समाजांत हे जनुक पुष्कळ आढळते. यात कोणाच्या जातीचा किंवा वागणुकीचा दोष नाही. पूर्वजांनी डासांशी दिलेल्या लढाईची ती खूण आहे.

मिठागरातील कोडे

आता दुसरा धागा पकडू. स्पेनच्या किनाऱ्यावर सांता पोला नावाचे गाव आहे. आपल्या कोकणपट्टीत आहेत तशी तेथे मिठागरे आहेत. इतक्या खारट पाण्यातही काही सूक्ष्मजीव मजेत जगतात. जवळच्या अ‍ॅलिकांते विद्यापीठात फ्रान्सिस्को मोहिका हा तरुण विद्यार्थी त्यांचा अभ्यास करीत होता. १९९० नंतरच्या काळात त्याला या जीवांच्या जनुकीय मजकुरात एक विचित्र गोष्ट दिसली. सुमारे तीस अक्षरांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येत होता आणि प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये ठरावीक अंतर होते. जपानच्या ओसाका विद्यापीठातील योशिझुमी इशिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असेच तुकडे १९८७ साली एका वेगळ्याच जिवाणूत दिसले होते. पण त्यांचे काम काय, हे कोणालाच माहीत नव्हते. पुढे या तुकड्यांना 'क्रिस्पर' हे नाव पडले.

मोहिका वर्षानुवर्षे या कोड्यामागे लागला. "मिठागरातल्या किड्यांचा अभ्यास करून कोणाचे पोट भरणार आहे?" असे त्या वेळी कोणी विचारले असते तर त्याला उत्तर देता आले नसते! २००३ साली त्याच्या ध्यानात आले की खरी मौज पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांत नसून त्यांच्या मधल्या मजकुरात आहे. तो मजकूर विषाणूंच्या मजकुराशी जुळत होता. जिवाणूंनाही विषाणूंची बाधा होते, बरे का! पोलीस चौकीत जसे सराईत चोरांचे फोटो लावलेले असतात, तसे जिवाणूने पूर्वी येऊन गेलेल्या विषाणूंचे तुकडे आपल्या जनुकांत जपून ठेवले होते. तोच विषाणू पुन्हा आला की फोटोशी चेहरा जुळवायचा आणि त्याचा निकाल लावायचा. हा शोध छापायला काही नियतकालिकांनी नकार दिला. शेवटी २००५ साली तो प्रसिद्ध झाला.

त्याचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला तो योगर्टात, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या दह्यात! त्यासाठी लागणाऱ्या विरजणातील जिवाणू विषाणूंमुळे मरतात आणि दुग्धव्यवसायाचे नुकसान होते. डॅनिस्को या कंपनीतील रोडॉल्फ बारांगू आणि फिलिप ओर्व्हाथ यांनी २००७ साली दाखवून दिले की हल्ल्यातून वाचलेले जिवाणू त्या विषाणूचा तुकडा आपल्या संग्रहात घालतात आणि मग त्याला दाद देत नाहीत.

कात्री हाती आली

चोराला ओळखले, पण त्याला मारायचे कशाने? त्यासाठी जिवाणूपाशी 'कॅस' नावाची प्रथिने असतात. तीच त्याची कात्री. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठात काम करणाऱ्या एमान्युएल शार्पांतिए घसा धरवणाऱ्या एका जिवाणूचा अभ्यास करीत होत्या, तर अमेरिकेतील बर्कली येथे जेनिफर डाउडना आरएनए या रेणूच्या रचनेचा. २०११ साली एका परिषदेत दोघींची गाठ पडली आणि २०१२ साली त्यांनी मिळून दाखवले की 'कॅस-९' या कात्रीला आपण हवा तो पत्ता देऊ शकतो. पत्ता म्हणजे वीस अक्षरांचा मजकूर. कात्री जनुकीय मजकुरात तो पत्ता शोधते आणि नेमकी तेथेच कापते. लिथुआनियातील व्हिल्नियस विद्यापीठाच्या व्हर्जिनियस शिक्श्निस यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे तसेच काम प्रसिद्ध केले. २०१३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ही कात्री माणसाच्या पेशीत चालवून दाखवली. शार्पांतिए आणि डाउडना यांना २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे आता सिकलसेलमधले चुकीचे अक्षर कापून टाकले की झाले, असे तुम्हाला वाटेल. पण कापणे सोपे आणि त्या जागी योग्य अक्षर बसवणे अवघड. म्हणून शास्त्रज्ञांनी एक वेगळीच युक्ती काढली.

१९४८ साली न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी पाहिले होते की सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळाला पहिले काही महिने त्रास होत नाही. कारण पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. त्यात बीटा साखळीच नसते. तिच्या जागी गॅमा साखळी असते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमाचे काम बंद पडते आणि बीटा सुरू होते. म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या शरीरात चांगल्या हिमोग्लोबिनची कृती शाबूत असते, फक्त ती कुलुपात बंद असते! हे कुलूप कोणते, ते हार्वर्ड विद्यापीठात स्टुअर्ट ऑर्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवले. 'बीसीएल-११-ए' नावाचे जनुक गॅमाला दाबून ठेवते. तांबड्या पेशींपुरते हे जनुक ढिले केले तर गॅमा पुन्हा जागे होईल.

कात्री मिळाली, कुलूप मिळाले. दोन धाग्यांची गाठ पडली!

उपचार असा होतो. रुग्णाच्या रक्तघटक तयार करणाऱ्या मूळ पेशी शरीराबाहेर काढतात. प्रयोगशाळेत क्रिस्परने त्यांतील ते कुलूप कापतात. मग तीव्र औषधे देऊन हाडांच्या मगजातल्या जुन्या पेशी नष्ट करतात आणि सुधारलेल्या पेशी शिरेतून परत सोडतात. त्या मगजात जाऊन रुजतात आणि नवे रक्त तयार करू लागतात. चुकीचे अक्षर तेथेच राहते. पण बाळपणचे हिमोग्लोबिन परत आल्यामुळे विळे होणे थांबते. २०१९ साली अमेरिकेत ३४ वर्षांच्या एका स्त्रीवर हा प्रयोग झाला. पुढे ज्या ३१ रुग्णांकडे पुरेसा काळ लक्ष ठेवता आले, त्यांपैकी २९ जणांना सलग बारा महिने तीव्र वेदनांचा एकही झटका आला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने या उपचाराला मान्यता दिली. त्याचे नाव 'कॅसजेवी'.

किंमत कोणी द्यायची?

आता सुरुवातीला राहिलेली गोष्ट. अमेरिकेत या उपचाराची किंमत ठरली २२ लाख डॉलर. म्हणजे आपल्या चलनात पंधरा कोटी रुपयांहून जास्त! शिवाय रुग्णाला कित्येक आठवडे इस्पितळात राहावे लागते आणि त्या तीव्र औषधांचे धोकेही आहेत. सिकलसेलचे बहुतेक रुग्ण आहेत आफ्रिकेतील खेड्यांत आणि आपल्या देशातील आदिवासी पाड्यांवर. ज्या बापाला तालुक्याच्या दवाखान्यात जायला मजुरी बुडवावी लागते, त्याला या शोधाचा काय उपयोग?

म्हणून आज दोन आघाड्यांवर काम चालू आहे. एक, हा उपचार स्वस्त आणि सोपा करणे. दिल्लीच्या जीनॉमिक्स संस्थेत देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती हे शास्त्रज्ञ क्रिस्परवर काम करतात. त्यांनी २०२० साली क्रिस्परवर आधारित करोनाची चाचणी तयार केली आणि तिला सत्यजित राय यांच्या गुप्तहेराचे, 'फेलुदा'चे नाव दिले. सिकलसेलवरचा भारतीय उपचार हेही त्या संस्थेचे ध्येय आहे.

दुसरी आघाडी साध्या चाचणीची. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असे तिने ठरवले आहे. पहिली चाचणी अगदी सोपी असते. रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात आणि परीक्षानळीमागे रेघा असलेला कागद धरतात. द्रावणातून रेघा स्पष्ट दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पुढची तपासणी करायची. ही पुढची तपासणी विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिन सरकवण्याची असू शकते, म्हणजे पॉलिंग यांचाच प्रयोग! लग्नापूर्वी दोघांनीही रक्त तपासले, तर आपल्या मुलांच्या वाट्याला काय येऊ शकते हे त्यांना आधीच कळते. आणि ज्यांना आजार आहेच, त्यांच्यासाठी हायड्रॉक्सियुरिया हे गोळीच्या रूपातले औषध आहे. तेही बाळपणचे हिमोग्लोबिन वाढवते आणि कॅसजेवीच्या मानाने त्याचा खर्च अगदी थोडा आहे.

मित्रांनो, या कथेत किती तऱ्हेची माणसे आली, पाहा. डॉक्टर आले, रसायनशास्त्रज्ञ आले, मिठागरात फिरणारा विद्यार्थी आला, विरजण जपणारे आले. सांता पोलाच्या त्या विद्यार्थ्याने सिकलसेलचा विचारही केला नव्हता. त्याला फक्त एक कोडे सुटत नव्हते आणि त्याने ते सोडून दिले नाही.

आता पुन्हा आपल्या वर्गात येऊ. कडेला बसलेल्या त्या सोबत्याजवळ पाण्याची बाटली असते का, ते पाहा. शरीरातले पाणी कमी झाले की पेशीतले हिमोग्लोबिन दाट होते आणि विळे लवकर तयार होतात. म्हणून त्याला तासाच्या मध्येच पाणी प्यायला किंवा लघवीला जावे लागते. थंडीत आणि फार दमल्यावर त्याचा त्रास वाढतो. अजून तपासणी झाली नसेल तर गुरुजींना सांगून आरोग्य केंद्रात ती करून घेता येईल. त्याचा बुडलेला अभ्यास त्याला नेऊन देता येईल. आणि पुन्हा कोणी त्याला आळशी म्हटले, तर एका अक्षराच्या चुकीची ही गोष्ट त्याला सांगा.